रबर बदललं तरी ब्रेसलेट पुन्हा तुटतं: लवचीक कडी-ब्रेसलेट आणि अंगठ्यांचं समस्या निवारण

धातूच्या कड्यांमध्ये रबराच्या कड्या ओवून केलेलं ब्रेसलेट हुकाशिवाय चढतं आणि उतरतं. गोव्यात हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात गिऱ्हाईक ते उभ्या उभ्या हातात घालून बघतं, तेही यामुळेच. तक्रारही बहुधा एकच परत येते: सैल झालं, किंवा रबर तुटलं. करणारा रबर बदलून देतो, आणि पावसाळा सरायच्या आत तेच ब्रेसलेट परत येतं.

कारण बहुतेक वेळा रबरात नसतं. रबराशेजारच्या धातूच्या कडीचा सांधा नीट मिटलेला नसतो आणि तोच रबर कापतो. म्हणून रबर बदलण्याआधी सांधा बघायचा. खालचा क्रम फुकट तपासणीपासून सुरू होतो आणि नव्याने मांडणी करण्यापर्यंत जातो.

आधी लक्षणं

- ताणल्यावर ब्रेसलेट ताणलेलंच राहतं, किंवा सुस्तपणे परत येतं.
- रबरी कडी एकाच जागी तुटते. बदलली तरी पुन्हा तिथेच.
- रबर अखंड आहे, पण कडीतून निसटून दोन तुकडे झाले.
- रबर चिकट झालंय, फुगलंय, किंवा त्यावर आडव्या बारीक भेगा आहेत.
- चांदी फक्त रबराला लागून काळी पडते.
- मनगटावरचे केस ओढले जातात, कपड्याचे धागे अडकतात.
- अंगठी पेरावरून चढते, उतरताना अडते.

शेवटच्या लक्षणासोबत बोट सुजलं असेल, निळसर किंवा बधिर झालं असेल, तर पुढचं काही न वाचता शेवटच्या भागाकडे जा.

१. हे नक्की कशामुळे ताणतं?

धातूची कडी स्वतः ताणत नाही. ती ताणली याचा अर्थ ती उघडली. ताण तीन ठिकाणांहून येऊ शकतो: रबरी कड्या, आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, किंवा धातूच्या कड्या एकमेकींत गुंफायची नुसती वीण.

घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगच्या पट्ट्यात पोकळ दुव्यांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक दुव्यात एक चपटी स्प्रिंग आणि दुव्यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या क्लिपा. १९५९ साली स्पायडेल कंपनीने आणलेला ट्विस्ट-ओ-फ्लेक्स याच जातीचा. तो अडकत असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात ताणून धरून मऊ ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवा. तेल घालू नका. तेलात धूळ बसते आणि पुन्हा तोच चिखल होतो. धुऊनही परत येत नसेल तर घड्याळवाल्याकडे द्या. त्या स्प्रिंगा घरी उचकटल्या की वाकतात, आणि वाकलेली स्प्रिंग पूर्वीसारखी होत नाही.

नुसत्या विणीचा ताण वेगळा. चारात-एक या युरोपीय विणीत प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांतून जाते. तिची पट्टी एका दिशेने उघडते-मिटते, काटकोनात फिरवली की तशी सैल पडत नाही. तळहाताएवढा तुकडा दोन्ही दिशांनी ओढून बघा, लगेच कळतं. पण ही वीण आपणहून परत आवळत नाही. तिच्याकडून रबराचं काम मागितलं असेल तर बिघाड नसून मांडणीच चुकली आहे.

यापुढचं सगळं रबरी कड्यांच्या दागिन्यांसाठी.

२. धुवा, आणि एक रात्र सैल ठेवा

ही फुकट तपासणी आहे, म्हणून आधी करायची. समुद्राचं मीठ, वाळू, तांबडी माती आणि खोबरेल यांचा मिळून एक चिकट थर कड्यांच्या आत बसतो. कड्या एकमेकींवर फिरत नाहीत, आणि रबर ओढत असूनही ब्रेसलेट परत येत नाही. लोकांना वाटतं रबर गेलं. सौम्य साबण, कोमट पाणी, जुना मऊ टूथब्रश, मग भरपूर साधं पाणी. कापडात गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवू नका.

अमोनिया असलेला काचेचा क्लीनर पितळेवर कधीही वापरू नका. वळलेल्या पितळेत आतून ताण साठलेला असतो. त्याला अमोनिया आणि ओल मिळाली की पितळ भेगाळतं. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसं अशीच फुटत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली स्पष्ट झालं. गोव्याच्या पावसाळ्यात ओल आपसूक मिळते, अमोनिया आपण घालू नये एवढंच.

धुतल्यावर मोजपट्टीवर सैल ठेवून लांबी लिहा. रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा मोजा. रात्रीत दोन-तीन मिमी परत आलं तर रबर थकलंय, मेलेलं नाही. ब्रेसलेट कुठे ठेवलं जातं ते बघा. स्टॉलवर जाड नळकांड्यावर ताणून, उन्हात, दिवसभर ठेवलेलं ब्रेसलेट विकायच्या आधीच सैल झालेलं असतं. ताणलेल्या अवस्थेत उष्णता लागली की रबर तोच आकार स्वतःचा मानतं. मांडायचं तर मनगटापेक्षा बारीक दांड्यावर मांडा.

३. सांधा: कापूस, नख, भिंग

इथे घाई करू नका. या जातीच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

कापसाचा हलका बोळा ब्रेसलेटभर सगळ्या दिशांनी फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे टोक वर आलंय. तिथे मार्करने खूण करा. मग नख सांध्यावरून दोन्ही बाजूंनी फिरवा. नख एका दिशेने सरकतं आणि दुसऱ्या दिशेने अडतं, म्हणजे दोन टोकं एका पातळीत नाहीत. शेवटी १० पट भिंगाखाली उजेडाकडे धरून फट बघा. सांध्यातून उजेड दिसला तर कडी मिटलेली नाही.

फटीचं एवढं का? रबर ताणलं की बारीक होतं. सैल असताना १.७८ मिमी असलेली रबरी कडी जोरात ओढली की फटीत शिरते, सोडल्यावर तिथेच चिमटते. रोज दोनदा हे झालं की रबरावर एक चीर पडते, आणि चिरेपासून पुढे रबर फाटायला जोर लागत नाही. सांधा रबरापासून दूर फिरवून ठेवण्याचा उपाय काही जण करतात. तो टिकत नाही, कारण घातल्यावर कड्या फिरत राहतात.

टोकं कशी कापली आहेत तेही बघा. कटरने तोडलेल्या तारेची टोकं पाचरीसारखी निमुळती होतात. अशी कडी बाहेरून मिटलेली दिसली तरी आत खाच राहते. बारीक करवतीने कापलेली टोकं सपाट बसतात. रबराला लागणाऱ्या प्रत्येक कडीसाठी करवतीचा कापच हवा, यात काटकसर करू नका. कटरचीच कडी वापरायची वेळ आली तर मिटवण्याआधी दोन्ही टोकं ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा.

मिटवायची पद्धत: दोन चपट्या, दाते नसलेल्या पकडी घ्या आणि सांधा वर, बरोबर मधोमध ठेवा. एक हात पुढे, एक मागे, असं कडीला पिळून उघडा-मिटवा. डावी-उजवीकडे फाकवू नका. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही. मिटवताना टोकं एकमेकांवर आत दाबत, तारेच्या जाडीच्या निम्म्याने पलीकडे न्या, परत आणा, आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढंच करा. टोकं एकमेकांवर घासल्याचं हाताला कळलं पाहिजे. थेट जागेवर आणून सोडलेली तार थोडी परत उघडतेच, म्हणून ही पुढे-मागे करायची कसरत.

मिटवूनही कडी पुन्हा उघडत असेल तर तार बारीक आहे किंवा फार मऊ. वाकण्याला विरोध करायची ताकद जाडीच्या घनाने वाढते. १ मिमीच्या जागी त्याच धातूची, त्याच व्यासाची १.२ मिमी तार घेतली तर कडी सुमारे पावणेदोन पट जोर सोसते. आतला व्यास वाढवला की उलट होतं. म्हणून आतला व्यास भागिले तारेची जाडी हे गुणोत्तर रबरी ब्रेसलेटसाठी ५ च्या आसपास ठेवा, ६ च्या वर नेऊ नका. नुसत्या मऊ तांब्याच्या किंवा मऊ अॅल्युमिनियमच्या कड्या याहून कमी गुणोत्तरावरच ठेवा.

४. रबर कुठलं आहे?

सांधे ठीक निघाले तरच रबराकडे या. बिघडलेली रबरी कडी बाहेर काढा, बोटांनी थोडी ताणा आणि भिंगातून बघा.

ताणाच्या दिशेला आडव्या बारीक भेगा दिसल्या तर ऊन आणि हवेतल्या ओझोनने रबर खाल्लं आहे. हार्डवेअर किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी काळी ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, बहुतेक नायट्राइल या कृत्रिम रबराची असते. ती तेलासाठी बनलेली आहे, उन्हासाठी नाही. वर ती साधारण ७० शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) इतकी कडक असते, त्यामुळे ब्रेसलेट चढवताना हात दुखतो.

रबर फुगलं आणि बुळबुळीत झालं असेल तर व्हर्नियरने जाडी मोजा. १.७८ ची २ मिमी झाली असेल तर ते बहुधा ईपीडीएम हे कृत्रिम रबर आहे आणि त्याने तेल प्यायलं आहे. ईपीडीएम उन्हाला उत्तम टिकतं, खोबरेलाला नाही. आपल्याकडे न्हाण्याआधी अंगाला खोबरेल लावायची सवय घराघरात आहे. किनाऱ्यावरच्या पाहुण्याच्या हातावर सनस्क्रीनचं तेल असतं. दोन्हीकडे तेच होतं. फुगलेलं रबर वाळवून पूर्वीसारखं होत नाही, बदलाच.

रबर चिकट होऊन बोटाला लागत असेल आणि शेजारी तांबं असेल, तर ते नैसर्गिक रबर असण्याचा संभव जास्त. तांब्याच्या संगतीत नैसर्गिक रबर लवकर सडतं. ही जोडी करूच नका.

चांदी फक्त रबराशेजारी काळी पडते तेव्हा चांदी हिणकस आहे असं गिऱ्हाईक म्हणतं. तिचा दोष नसतो. बरीचशी रबरं गंधकाने पक्की केलेली असतात, आणि गंधक चांदीला काळं करतो. चांदी कितीही पुसा, रबर तेच ठेवलं तर डाग परत येणार.

गोव्याच्या हवेत, चांदीसोबत आणि खोबरेलाच्या हातांवर आमची पसंती सिलिकोनला आहे. ऊन, ओझोन, खोबरेल तिन्ही सोसतं, आणि त्यात गंधक नसतो. त्याचा एक मोठा दोष: चीर पडली की ते पटकन फाटतं. खडबडीत सांध्यावर सिलिकोन घातलं तर नायट्राइलपेक्षाही लवकर जाईल. म्हणून तिसरी तपासणी आधी.

धातूचं थोडक्यात. समुद्राजवळ ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर तपकिरी डाग येतात. ३१६ मध्ये मोलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं. डाग फक्त पकडीच्या खुणांवर असतील तर पकडीचं लोखंड कडीला लागलं आहे, पकडी वेगळ्या ठेवा. लोहचुंबकाने खरं स्टेनलेस ओळखायला जाऊ नका, वळून कडक झालेली ३०४ ची तारही थोडी चिकटते. तांब्या-पितळेचा हिरवा डाग धुतला की जातो. त्वचा लाल होऊन खाजत असेल तर निकेलची अॅलर्जी असू शकते. ब्रेसलेट काढून ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

५. मांडणी: रबरी कड्या किती?

सांधे चांगले, रबर योग्य, तरीही सहा महिन्यांत सैल. मग हिशेब चुकला आहे. कड्यांच्या एकेरी साखळीची लांबी म्हणजे सगळ्या कड्यांच्या आतल्या व्यासांची बेरीज. ६ मिमी आतल्या व्यासाच्या २८ कड्या घेतल्या तर १६८ मिमी, म्हणजे साधारण १६५ मिमी मनगटाला बरोबर. अंगठा दुमडून हाताचा सगळ्यात रुंद भाग २०० मिमी भरला तर ब्रेसलेट २०५ पर्यंत जायला हवं. वाढ ३७ मिमी.

६ मिमी आतला व्यास आणि १.७८ जाडीची रबरी कडी (ओ-रिंगच्या मापात ०१० नंबर, नेमका व्यास ६.०७) १.२ मिमी तारेत ओढली की आधी गोलाची लांबट होते. रबर जराही न ताणता, नुसता आकार बदलून ती सुमारे ८.८ मिमीपर्यंत जाते. ही २.८ मिमी वाढ फुकट आहे, तिने रबर थकत नाही.

आता २८ पैकी १४ कड्या रबरी ठेवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला २.६ मिमी येतात. सगळं फुकटच्या वाढीत बसतं. ९ ठेवल्या तर प्रत्येकी ४.१ मिमी, रबराला खरा ताण सुमारे १० टक्के. तेही चालेल. दिसायला धातू जास्त हवा म्हणून ५ च ठेवल्या तर प्रत्येकी ७.४ मिमी, खरा ताण ३७ टक्क्यांच्या आसपास, तोही रोज दोनदा. हे ब्रेसलेट सैल होणारच. रोज घालायच्या दागिन्यात खरा ताण २० टक्क्यांच्या आत ठेवा. त्यापुढे जायची वेळ आली तर रबरी कड्यांची संख्या वाढवा. जास्त ताणणारं रबर शोधत बसू नका.

अंगठीचा हिशेब तसाच, माप लहान. बोटाचं मूळ ५४ मिमी, पेर ६० मिमी असेल तर ४ मिमी आतल्या व्यासाच्या १४ कड्या म्हणजे ५६ मिमी. त्यातल्या चार रबरी, ४ मिमी आतला व्यास आणि १.५ मिमी जाडीच्या, बाकी ०.८ मिमी तारेच्या. चार रबरी कड्या नुसत्या आकाराने ७ मिमी वाढ देतात, पेर ओलांडायला ते पुरतं. माप संध्याकाळी घ्या. उकाड्यात बोटं फुगतात, आणि सकाळच्या मापाची रबरी अंगठी दुपारी सतत आवळत राहते.

रबरी कडी उघडता येत नाही, त्यामुळे तिला लागणारी धातूची कडी उघडी ओवून मग मिटवावी लागते. डाख लावलेलं काम हवं असेल तर रबरांमध्ये तीन-तीन धातूच्या कड्या ठेवा. मधल्या कड्यांना आधीच डाख लावून घ्या. रबराला लागणाऱ्या कड्यांची तार जाड घ्या, त्या पकडीने मिटवा.

इथे थांबा

अंगठी अडकली असेल तर हात छातीच्या वर धरा, थंड पाणी लावा, साबण किंवा तेल चोळून फिरवत काढून बघा. बोट निळं किंवा पांढरं पडत असेल, बधिर असेल, किंवा काही मिनिटांत उतरत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) जा. घरच्या कटरने बोटावर कापायला जाऊ नका. रबर तुटून धातूच्या कड्या बोटात रुतू शकतात.

रबर लागलेल्या कडीला ज्योत लावू नका. सांधा भरून घ्यायचाच असेल तर लेझरने जोडणारा सोनार शोधा. लेझरची उष्णता एका ठिपक्यापुरती राहते, साध्या डाखाने शेजारचं रबर जळतं. सोनं आणि हॉलमार्कची चांदी घरी घासू, कापू नका. पितळेच्या दोन किंवा अधिक कड्यांवर भेगा दिसल्या तर एक-एक बदलत बसू नका. सगळी तार एकाच रिळाची असेल तर सगळ्याच कड्या बदलाव्या लागतील.

शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, काम देताना सगळी रबरं काढून, धातूचे तुकडे वेगळ्या पुडीत द्या. सोबत कागदावर लिहा: धातू कुठला, तारेची जाडी, आतला व्यास, एकूण कड्या, कुठल्या कडीवर खूण केली आहे. रबर स्वतःकडेच ठेवा, परत आल्यावर कापूस फिरवून मगच ओवा.